बीमनं गेलेला खांदा

"अण्णा, कारखान्यात लागलं म्हणून सांग. एवढंच तर बोलायचंय. जीभ झिजणार हाय का तुझी?"

"न्हाय सांगणार."

"का पण?"

"अख्ख्या गल्लीनं बघितलंय मी कुटं पडलो ते. आणि कुणी बघितलं नसतं तरी सांगितलं नसतं. सिद्धरामाची काठी पेलताना गेलेला खांदा मी मालकाच्या माथी मारू? त्यापेक्षा भीक मागून खाईन."

चनमल्लप्पाचा आवाज इतका चढला की उंबऱ्यावर बसलेली मांजर उठून शेजारी गेली. उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. हातवारे केल्याशिवाय त्याला भांडता येत नसे, म्हणून तो डाव्या हाताने आपलीच मांडी बडवत होता. समोर धाकटा भाऊ प्रभु रिक्षाची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा. तोही हट्टाला पेटलेला. भीक मागायला दोन हात लागतात, तुझा एकच चालतो, असं तो बोलून गेला आणि लगेच जीभ चावली.

कोपऱ्यात घोंगडीवर बसलेल्या काशम्माने, म्हणजे दोघांच्या आईने, कपाळाची विभूती सारखी केली आणि थोरल्याची बाजू घेतली. या घरातल्या माणसांनी तीन पिढ्या ग्रामदैवत सिद्धरामाच्या संक्रांतीच्या जत्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलली, देवाच्या कामाचं खोटं करून कुणी पैसा आणला नाही, आता आणायचा नाही. भुवनेश्वरी ही चनमल्लप्पाची कॉलेजात जाणारी मुलगी. तिने मोबाइलवर शोधून काढलेलं सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. कामावर असताना आणि कामामुळे लागलं, तरच कामगाराला भरपाई. घरी, जत्रेत, भावकीच्या लग्नात कुठं हात मोडून घेतला तर मालकाचा काही संबंध नाही. अप्पा पडले ते नंदीध्वजाच्या सरावात, रविवारी, सुटीच्या दिवशी. म्हणजे विषयच संपला, असं ती म्हणत होती, आणि तिचे डोळे मात्र विषय संपू नये असं म्हणत होते.

या सगळ्या गदारोळात एकच माणूस गप्प होतं. चनमल्लप्पाची बायको गिरिजाबाई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. पापडासारखी पातळ ज्वारीची भाकरी, भाजून, फडक्याने दाबून कडक केलेली. नव्या पेठेतल्या दुकानात तिच्या भाकऱ्या जात, आणि दुकानदार सांगे की गिरिजाबाईंची भाकरी अंधारातसुद्धा ओळखू येते, कड कधी जाड नसते. आज एक भाकरी तव्यावर काळी पडली. तिने ती उलथन्याने बाजूला काढली. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, सासूने तिची करपलेली भाकरी आज पहिल्यांदा बघितली.

गिरिजाबाई गप्प होती याचं कारण वेगळं होतं. प्रभु जे खोटं बोलायला सांगत होता, ते खरं होतं. हे या घरात फक्त तिला आणि नवऱ्याला ठाऊक होतं.

ती अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला मराठी येत होतं ते बाजारापुरतं. सासूशी कानडीत भागायचं, पण गल्लीत बायका काय बोलून हसतात ते कळायचं नाही. त्या दिवसांत एकदा ती नवऱ्याचा डबा द्यायला अक्कलकोट रोडच्या कारखान्यात गेली. टॉवेलचे माग धडधडत होते, कानात दुसरं काही शिरत नव्हतं. समोरून दोन माणसं बीम घेऊन येत होती. ताण्याचं सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ तो, माणसाएवढा लांब, आणि वजनाला दोन माणसांना पुरून उरणारा. पुढे त्याचा जोडीदार राजेसाब, मागे तिचा नवरा. मागांच्या दोन रांगांमधली वाट एवढी अरुंद की हात पसरला तर सुताला लागावा. दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता, पावलाला पाऊल मिळवत, वळणावर थोडे वाकत, कुठं म्हणजे कुठं न घासता तो बीम घेऊन गेले आणि मागावर अलगद बसवला. जसं पाळण्यात लेकरू ठेवावं. मग नवऱ्याने मान वळवली, तिला बघितलं आणि लाजला.

पुढे संक्रांतीला तिने त्याला पांढऱ्या बाराबंदीत बघितलं. उंच काठी पेलून चाललेला, दोन्ही बाजूंनी माणसं हर्र बोलत असलेली, बायका बोटं दाखवून म्हणत असलेल्या, तो बघ गिरिजाचा नवरा. ऊर भरून आला तिचा, का नाही येणार. पण मनातल्या मनात तिला बीमवाला नवराच जास्त आवडायचा. काठीला सगळं गाव हार घालतं. बीमला कुणी हार घालत नाही, आणि तो रोज उचलावा लागतो.

यंदा त्या रविवारच्या सरावाआधीच्या आठवड्यात कारखान्यातली चेनपुली बंद पडली होती. जड बीम त्या साखळीने उचलून मागापर्यंत न्यायचे, पण पुली दुरुस्तीला माणूस येईना आणि मालकाला माल वेळेत हवा. म्हणून सगळे बीम खांद्यावर. राजेसाबचा पाय सांडलेल्या तेलावरून सरकला. तो खाली बसला आणि त्याचं टोक सुटलं. चनमल्लप्पाने आपलं टोक सोडलं असतं तर बीम राजेसाबच्या मांडीवर पडला असता. त्याने सोडलं नाही. सगळा भार एका खांद्यावर घेऊन, वाकडा होऊन, राजेसाब सरपटत बाजूला होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. त्यानंतरच त्याने बीम टेकवला, तोही जमिनीवर नाही, बाजूच्या लाकडी घोडीवर.

हे तिला त्याने सांगितलं नव्हतंच. अंघोळीला पाणी काढून द्यायला गेली तेव्हा तिने पाठीवरचा काळानिळा डाग बघितला आणि विचारलं. तेव्हा त्याने तिच्याकडून वचन घेतलं. रविवारी सराव आहे. सराव घेणाऱ्या गुरुलिंगमामांना कळलं की खांदा दुखावलाय, तर यंदा काठी माझ्या हातात देणार नाहीत. मामा त्या बाबतीत सख्ख्या मुलाचंही ऐकत नाहीत. एक वर्ष काठी हातातून गेली की दुसरा माणूस तयार होतो, मग परत मिळणं कठीण. राजेसाबला गप्प केलंय, तू पण गप्प राहा. तेलानं उतरेल.

तिने तेल कोमट केलं, चोळलं आणि गप्प राहिली. नुसतं वचनामुळे नाही. तिलाही त्याला बाराबंदीत बघायचं होतं. भुवनेश्वरीला बघायला यंदा पाहुणे येणार होते, संक्रांतीलाच या, जत्रा बघून जा, असं तिनेच त्यांना सांगितलं होतं.

रविवारी काठी उभी राहिली, चार पावलं गेली, आणि चनमल्लप्पाचा हात खाली आला. बाजूच्या माणसांनी काठी वरच्या वर धरली, ती जमिनीला लागली नाही. तो मात्र पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की खांद्यातला स्नायू फाटला आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि वजन उचलायचं काम यापुढे विसरा. मालकाने फळं पाठवली आणि निरोप पाठवला की देवाच्या कामात लागलंय, देवच बघेल. मालकाला बीमचं काही माहीत नव्हतं, म्हणून त्याला तरी काय बोलणार.

गल्लीत मात्र बोललं जात होतं. काठी अशी कुणाला टाकत नाही, नेम मोडला असेल. काहीतरी खाल्लं-प्यालं असेल. सार्वजनिक नळावर एक बाई गिरिजाबाईच्या घागरीकडे बघत म्हणाली की देवाला सगळं दिसतं. ज्या माणसाने सरावाच्या दिवसांत चहासुद्धा सोडला होता, त्याच्याबद्दल. गिरिजाबाई घागर भरून सरळ घरी आली होती. आणि घरात येऊन बघते तर हे भांडण.

भांडण तसंच अर्ध्यावर राहिलं. प्रभु किल्ली फिरवत निघून गेला. तिने भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधली, नव्या पेठेत जाऊन येते म्हणाली आणि निघाली. दुकानात भाकऱ्या दिल्या. पण परतीच्या रिक्षात न बसता विचारत विचारत कामगार ऑफिसात गेली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी ऑफिसचा जिना एकटी चढली. जिन्यात दोनदा परत फिरावंसं वाटलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तिथल्या मॅडम तिच्याच वयाच्या होत्या. डबा उघडा ठेवून, घास हातात घेऊन त्यांनी सगळं ऐकलं.

"तुमचे मिस्टर सरावात पडले, एवढंच असेल तर हा विषय आमच्याकडे येत नाही," त्या म्हणाल्या. "ते काम नव्हे."

"पडले सरावात. खांदा त्याच्या आधीच गेला होता. कारखान्यात, बीम उचलताना."

मॅडमनी घास परत डब्यात ठेवला. पुली, तेल, राजेसाब, सगळं विचारून घेतलं. मग सांगितलं की असं असेल तर माणूस पडला कुठं हा प्रश्न नाही. खांदा आधी कुठं आणि कशानं गेला हा प्रश्न आहे.

"पण ताई, अर्धं सांगू नका. बीमचं सांगाल आणि काठीचं झाकाल, तर मालकाचा वकील गल्लीतली चार माणसं आणून उभी करेल आणि खरं बोलून तुम्ही खोटे ठरलात. दोन्ही सांगा. बीमनं किती गेलं, नंतर किती वाढलं, ते डॉक्टर सांगतील. मिळेलच असं मी म्हणत नाही. कमीही मिळेल. मागायचा हक्क मात्र तुमचा आहे. मालकाला तेव्हाच कळवायला हवं होतं. उशीर झाला म्हणून सगळं बुडतंच असं नाही, पण आता आणखी उशीर नको. आणि बघणारा माणूस बोलेल ना?"

ते मला बघावं लागेल, असं गिरिजाबाई म्हणाली.

राजेसाबचं घर वाटेवर नव्हतं, पण ती गेली. राजेसाब नुकताच पाळी संपवून आला होता. तिला दारात बघितल्यावर त्याने मान खाली घातली. तिने बसूनही घेतलं नाही, उभ्या उभ्याच विचारलं. तो आपल्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वैनी, माझा पाय वाचवला आणि माझंच तोंड शिवलं त्यानं. कसम घातली. दवाखान्यात गेलो तर डोळ्यानं दटावलं. रोज त्या मागापाशी उभा राहतो न् काय सांगू तुमाला. तुमी बोला, मी येतो. कुटं यायचं तितं येतो."

बोलून झाल्यावर त्याने आपल्या बायकोकडे बघितलं. कारण मालकाविरुद्ध साक्ष दिली तर उद्या कामावर घेतील का, हे त्या घरातही कुणाला सांगता येत नव्हतं. मदिनाबी ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. तिने सुरी थांबवली नाही.

"काम गेलं तर जाऊ दे," ती म्हणाली. "पाय हाय ना धड? मग चालत जाईल दुसरीकडं. पाय नसता तर मी उचलून नेणार होते का ह्याला? वजन बघा की ह्याचं."

राजेसाब हसला. गिरिजाबाईलाही हसू आलं, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. मग तिने चहा घेतला, मोठा कप घेतला, आणि दिवेलागणीच्या आत घरी आली.

चनमल्लप्पा आतल्या खोलीत सदऱ्याशी झगडत होता. एका हाताने बाही चढत नव्हती आणि मुलीला हाक मारायची लाज वाटत होती. गिरिजाबाईने दार लोटलं, सदरा हातात घेतला आणि गुंड्या सोडता सोडता बोलू लागली. आवाज खाली, कारण पलीकडे सासू होती.

"मी आज कामगार ऑफिसात जाऊन आले. राजेसाबभाईंकडं पण."

तो ताठ झाला. वचन दिलं होतंस, असं म्हणाला.

"दिलं होतं. तेलानं उतरेल म्हणाला होता तुमी, म्हणून दिलं होतं. उतरलं का?"

त्याने गळ्यातली झोळी सावरली.

"प्रभु भावजी खोटं बोला म्हणाले तर केवढे ओरडला. सिद्धरामाच्या नावानं खोटं कोण बोलतंय, ते बघा एकदा. खांदा नेला बीमनं, आणि तुमी गावभर सांगताय काठीनं नेला. देवाच्या माथी कोण मारतंय? नळावर बायका म्हणतात, नेम मोडला असेल. ते ऐकून घेते मी. तुमचा नेम मला म्हाईत हाय. पण ह्या खांद्यानं एवढी वर्षं बीम वाह्यले, एका माणसाचा पाय वाचवला, ते कुणालाच कळायचं न्हाय का? त्याची लाज वाटती का तुमाला?"

"लाज कशाची," तो म्हणाला. मग, अगदी हळू, "मामांना कळलं तर काठी गेली. दुखऱ्या खांद्यानं काठीला हात लावला म्हणतील. ते बरोबरच म्हणतील."

"म्हणतील. ते पण सांगायचं. चुकलं ते चुकलं."

"परत देणार न्हाईत, गिरिजा."

तिला खोटा धीर देता आला असता. तिने तो दिला नाही. डॉक्टर काय म्हणाले ते दोघांनीही ऐकलं होतं.

"न्हाय देणार," ती म्हणाली.

चनमल्लप्पा भिंतीवरच्या खुंटीकडे बघत राहिला. तिथे बाराबंदी होती, तिनेच धुऊन, नीळ देऊन, कपड्यात गुंडाळून टांगलेली. तिने सदरा त्याच्या डाव्या बाजूला धरला आणि वाट बघितली.  शेवटी त्याने हात पुढे करून बाहीत घातला.

"अव्वाला काय सांगू?" त्याने विचारलं.

"मी सांगते."

प्रभु रिक्षा लावून आला होता. भुवनेश्वरीने ताटं मांडली. काशम्मा भिंतीला टेकून बसली होती. गिरिजाबाई भाकरीची परडी घेऊन बाहेर आली, ती खाली ठेवली, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पुली बंद होती इथपासून तेल चोळलं इथपर्यंत. आपण गप्प का राहिलो तेही सांगितलं, पाहुण्यांचं आणि बाराबंदीचं. प्रभुचं तोंड उघडंच राहिलं. म्हणजे मी खरं बोलत होतो की, असं तो म्हणाला, आणि भुवनेश्वरीने त्याला कोपराने ढोसलं.

काशम्माने सुनेकडे बघितलंच नाही. ती मुलाकडे बघत होती.

"व्हय का रे, चन्नू?"

"व्हय, अव्वा."

"दुखऱ्या खांद्यानं काठी उचललीस?"

"उचलली."

म्हातारीचे ओठ हलत राहिले. जप करतेय की शिव्या देतेय ते कुणाला कळेना. तिच्या नवऱ्याने शेवटच्या वर्षी, हात कापायला लागल्यावर, स्वतः होऊन काठी मुलाच्या हातात दिली होती. ते तिने या घरात हजारदा सांगितलं होतं. आज सांगितलं नाही. शेवटी तिने विचारलं ते वेगळंच.

"आणि बीम? बीम टाकलास का?"

"न्हाय. खाली राजेसाब होता."

"जमिनीला लागला?"

"न्हाय अव्वा. घोडीवर ठेवला."

काशम्माने मान हलवली. एकदाच, काठी नीट उभी राहिल्यावर जुनी माणसं हलवतात तशी. "तुझ्या बापानंपण इतका नीट ठेवला नसता," ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं.

चनमल्लप्पाने ताटाकडे बघत मान खाली घातली. गिरिजाबाईला त्याचे फक्त कान दिसत होते. ते लाल झाले होते, त्या पहिल्या दिवशी मागांच्या रांगेत झाले होते तसे. भाकरी वाढताना तिला उगाच वाटलं, आता या माणसाला दुसऱ्या कुणी हार घातला नाही तरी चालेल. तिने त्याची भाकरी मोडून, बारीक चुरून, वर आमटी घातली आणि ताट त्याच्या डाव्या हाताकडे सरकवलं. मग पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"उद्या भाकऱ्या होणार न्हाईत, दुकानात निरोप दिलाय. सकाळी आमी दोघं आधी गुरुलिंगमामांकडं जाणार, सगळं सांगून काठी सोडणार. तितनं कामगार ऑफिसात, राजेसाबभाई परस्पर येतील. प्रभु भावजी, रिक्षा तुमची. आता जेवा, आमटी निवतीय."